मिंटमध्ये नवं सॉफ्टवेअर कसं टाकायचं

चोपड्याच्या माझ्या दुकानात जुन्या कॉम्प्युटरवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकून देतो. मग फोन ठरलेला: "भाऊ, सेटअपवर डबल क्लिक केलं तरी काहीच व्हत नाही."

व्हायचं कसं? ती डॉट ईएक्सई फाइल विंडोजची. ब्राउझरमध्ये सॉफ्टवेअर शोधायची सवय आधी सोडा. मिंटच्या मेनूत सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, मोबाइलच्या प्ले स्टोअरसारखंच. नाव शोधा, इन्स्टॉल दाबा, पासवर्ड द्या. कधी एकाच सॉफ्टवेअरचे 'सिस्टिम पॅकेज' आणि 'फ्लॅटपॅक' असे दोन पर्याय दिसतात. फ्लॅटपॅक बहुधा नवं असतं, पण डाउनलोड बरंच मोठं. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर सिस्टिम पॅकेजच घ्या.

मला स्वतःला टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, बरं वाटतं, काय चाललंय ते दिसतं. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा. फोनवर सांगतो तसंच सांगतो, तुम्ही इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा: सुडो एपीटी अपडेट. एपीटी म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारी कमांड; याने फक्त सॉफ्टवेअरची यादी ताजी होते. मग, समजा व्हिडिओ बघायचं व्हीएलसी हवं, तर सुडो एपीटी इन्स्टॉल व्हीएलसी. पासवर्ड टाकताना काही कॉम्प्युटरवर साधं टिंबही उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो. टाइप करून एंटर मारा. किती एमबी लागतील ते आधी दिसतं, पटलं तर वाय दाबा.

'लॉक' असं काही आलं तर मागे दुसरं अपडेट चालू असतं. चहा घेऊन या. ती लॉकची फाइल उडवायचा सल्ला व्हिडिओवाले देतात, तो ऐकू नका.

आपल्याकडे खरी पंचाईत लाइटची. डाउनलोड चालू असताना गेली तर काही बिघडत नाही. उतरलेलं पॅकेज बसत असताना गेली, आणि यूपीएस नसला, की पुढच्या वेळी एपीटी अडून बसतं: 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड'. लगेच फॉरमॅट मारायला सीपीयू मोटारसायकलवर बांधून आणू नका. उपाय त्याच ओळीत लिहिलेला असतो: सुडो, मग डीपीकेजी, मग दोन आडव्या रेघांना चिकटून कॉन्फिगर, जागा सोडून एक रेघ आणि तिला चिकटून ए. राहिलेलं काम तिथून पुरं होतं.

यावल-रावेरकडचे केळीवाले हिशोबाचं विचारतात. विंडोजचं बिलिंग सॉफ्टवेअर इथे सरळ चालणार नाही, पण वजन-भावाच्या तक्त्याला एमएस ऑफिससारखं लिब्रेऑफिस मिंटमध्ये आधीच असतं. आणि टाकलेलं काही नकोसं झालं, तर एपीटीच्या त्याच कमांडमध्ये इन्स्टॉलच्या जागी रिमूव्ह लिहा.