उन्हाळ्यात निपाणी-बेळगाव-धारवाड रोडला जेवायचं कुठं?

एनएच ४८ वरच्या झगमगाटवाल्या हॉटेलांचं मेनूकार्डच मोठं असतंय, चव यथातथाच. त्यापेक्षा संकेश्वर नाहीतर कित्तूरला सर्व्हिस रोडनं गावात शिरा आणि पंपावरच्या पोराला बस स्टँडजवळची खानावळ विचारा. साडेबारा-एकला पोचायचं, आतनं भाकरी थापल्याचा आवाज आला की बिनधास्त बसा, ज्वारीची गरम भाकरी, एण्णेगाई म्हणजे तेलातली भरली वांगी, शेंगाची चटणी, वर दही, बास की! ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र सकाळच्या इडलीबरोबरच खावा, दुपारी उन्हानं आंबलेली असती. आणि कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, घरी न्यायचा असेल तर परत जाताना घ्या, तापलेल्या गाडीत दिवसभर ठेवू नका, गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची मिठाई, तेवढं टिकतंय.