जात की चारा? नागपूरला व्हेटर्नरी शिकायला येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

नीटचा निकाल लागून ॲडमिशनचे राउंड सुरू झाले की ओळखीपाळखीतून पोरांचे फोन यायला लागतात, दादा एमबीबीएसचा नंबर काही लागत नाही, व्हेटर्नरी घेऊ का, स्कोप आहे का. बहुतेकांच्या डोळ्यासमोर कुत्र्यामांजरांचा एसी दवाखाना नाहीतर सर्जरी. मी पशुआहारवाला माणूस, गव्हाणीत काय पडतं ते बघणारा, नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या कॉलेजातून शिकलो आणि आता गोठ्यागोठ्यावर जाऊन रेशन म्हणजे जनावराचा रोजचा आहार बसवून देणं हेच पोटापाण्याचं काम. त्यामुळे मी जे सांगणार ते त्याच बाजूने सांगणार, सर्जरीचं सर्जरीवाल्यांना विचारा.

आधी थोडक्यात माहिती. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 चं, आणि 2000 साली महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ म्हणजे आपलं माफसू झालं त्याचं मुख्यालयही इथेच. बीव्हीएस्सी ॲण्ड एएच ही व्हेटर्नरीची पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा कोर्स. यात पैदास म्हणजे जेनेटिक्स एक डिपार्टमेंट, आहार दुसरं, गोठा व्यवस्थापन तिसरं, आणि दूध-मांस-अंडी यांची प्रक्रिया आणि क्वालिटी चौथं. परीक्षा वेगळ्या, मास्तर वेगळे, प्रॅक्टिकलच्या वह्या वेगळ्या, त्यामुळे पोरांच्या डोक्यातही हे चार वेगळे डबे होऊन बसतात आणि मग बाहेर पडल्यावर पहिल्याच गोठ्यात गोची होते, कारण तिथे गाय एकच असते.

शेतकऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, जात कोणती घेऊ? आणि पोरगंही उत्साहात चालू होतं, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, परदेशी दुधाळ गाय) इतके लिटर, जर्सी इतके, मुऱ्हा म्हैस इतके. पुस्तकातले आकडे खोटे नाहीत. एचएफच्या दुधाला साधारण साडेतीन फॅट, जर्सीला पाचच्या आसपास, मुऱ्हा आणि आपली नागपुरी म्हैस सातच्या घरात नाहीतर वरही. पण हे आकडे कुठल्या गव्हाणीवरचे ते पुस्तक सांगत नाही. हरियाणातून मुऱ्हा आणायची, तिकडे दिवसाला चौदा लिटर बघून, आणि इकडे भंडारा-गोंदिया साइडला आणून धानाच्या तणसावर (भाताच्या पेंढ्यावर) बांधायची, वरून मे महिन्यात पारा 45 च्या वर, मग ती सात-आठ लिटरवर आली की म्हणायचं व्यापाऱ्यानं फसवलं. कधी फसवतातही, नाही असं नाही. पण बऱ्याचदा म्हैस तीच असते, बरसीमचा हिरवा चारा आणि धान्याचा भरडा मागे हरियाणात राहिलेला असतो. तणसात प्रोटीन नावापुरतं, सिलिका भरपूर, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून बसतं, म्हणजे पोट भरलेलं दिसतं आणि जनावर आतून उपाशी.

जेनेटिक्सच्या पेपरात हेरिटॅबिलिटी हा शब्द येईल, म्हणजे जनावराजनावरातल्या फरकाचा किती हिस्सा रक्तातून आलेला, सगळे व्याख्या पाठ करून पाच मार्क घेऊन पुढे जातात. तिथे जरा थांबा राजेहो. दुधाच्या लिटरची हेरिटॅबिलिटी साधारण 0.25 ते 0.3, फॅटच्या टक्केवारीची 0.5 च्या जवळपास. म्हणजे एकाच कळपातल्या दोन गायींच्या फॅटमध्ये जो फरक दिसतो त्यातला जवळपास अर्धा रक्तातून आलेला, आणि लिटरमधला फरक मात्र बराचसा चारा, पाणी, ऊन, आजारपण, धार काढणाऱ्याचा हात यातून आलेला. शेतकऱ्याला याचा सरळ उपयोग आहे. फॅट कायमची वाढवायची तर वळू नीट निवडा, पुढच्या पिढीत दिसेल. लिटर वाढवायचे तर आज संध्याकाळची गव्हाण बघा. आपल्याकडे लोक नेमकं उलटं करतात, लिटरसाठी गाय बदलतात आणि फॅटसाठी दुकानातून पावडरचे डबे आणतात.

अर्थात चाऱ्याने फॅट जातीच्या वर फारशी वाढत नाही पण पाडता मात्र मस्त येते, आणि हा भाग नीट समजून घ्या कारण तुमची निम्मी कन्सल्टन्सी यावरच चालणार आहे. उन्हाळ्यात मला ठरलेला फोन असतो, "डॉक्टरसाहेब, म्हैस तेच, ढेप (तेल काढून उरलेली पेंड) तर वाढवली, मंग फॅट काहून पडली?" मी विचारतो कुटार (मळणीनंतर उरलेला सुका भुसा) किती टाकता. "कुटार तं संपलं ना जी." झालं, उत्तर त्यातच आहे. जनावराच्या पहिल्या पोटात, रूमेनमध्ये, चाऱ्यातला तंतू कुजवून जिवाणू मुख्यतः ॲसिटेट नावाचं आम्ल तयार करतात आणि कासेत दुधाची फॅट बनायला तेच लागतं. दाणा, भरडा, चुनी (डाळ भरडताना उरलेला चुरा) जास्त गेली की प्रोपिओनेट हे दुसरं आम्ल वाढतं, त्यातून लिव्हर ग्लुकोज बनवतं, ग्लुकोजपासून लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, आणि लॅक्टोज आपल्यासोबत पाणी ओढून आणतं म्हणून दूध वाढतं. त्यात कुटार नाही म्हणजे रवंथ नाही, रवंथ नाही म्हणजे लाळ कमी, लाळेतला सोडा कमी, पोट आंबट होतं, तंतू पचवणारे जिवाणू मरतात आणि फॅट खाली. शेतकरी म्हणतो दूध वाढलं, डेअरीवाला म्हणतो पातळ झालं, दोघंही खरं बोलतात. अशा वेळी औषधाची चिठ्ठी लिहू नका, आधी दुपारी गोठ्यात जाऊन उभे राहा आणि बसलेल्या जनावरांपैकी किती रवंथ करतायत ते मोजा, निम्म्याच्या खाली असतील तर सुकं वैरण कुठून मिळतं ते शोधा, सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, कडबा, जे असेल ते.

तणसच असेल तर युरिया प्रक्रिया शिकवा, शंभर किलो तणसाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून, थर देऊन शिंपडून, ताडपत्रीत हवाबंद एकवीस दिवस. उघडल्यावर अमोनियाचा वास डोळ्यात जातो, तो उडू द्यायचा आणि मग खायला घालायचं. युरिया पाण्यात पूर्ण विरघळला पाहिजे आणि ते पाणी किंवा युरियाची थैली जनावराच्या तोंडी लागता कामा नये, विषबाधा होऊन मरतं, हे दहा वेळा सांगा.

फॅट कशी मोजतात ते मात्र हाताने करूनच शिका, मशीनवर बटण दाबून नाही. गर्बर पद्धत म्हणजे ब्युटायरोमीटरच्या नळीत आधी 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग काठाकाठाने हळूच 10.75 मिली दूध, ॲसिडवर तरंगलं पाहिजे, धाडकन ओतलं तर तिथेच करपतं, मग 1 मिली अमाइल अल्कोहोल, बूच घट्ट, आणि नळी फडक्यात गुंडाळून उलटसुलट करायची. त्या क्षणी नळी हातात इतकी तापते की पहिल्यांदा सगळे दचकतात, पांढरं दूध पिवळं होतं, मग तपकिरी, मग काळपट जांभळं, ॲसिडने सगळं प्रोटीन विरघळवलेलं असतं, आणि सेंट्रिफ्यूज करून गरम पाण्यात ठेवून बाहेर काढली की मानेत सोनेरी फॅटचा स्वच्छ पट्टा. त्या पट्ट्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात, आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरूनच बोलला जातो. हे दोन आकडे ज्याला कळले त्याला डेअरीत नोकरी आहे.

आता क्वालिटी म्हणजे फक्त टक्का नाही. आपल्या विदर्भाचंच उदाहरण बघा, इथे सरकी ढेप हा जनावराचा मुख्य खुराक, कापूस पिकतो म्हणून. सरकीवर पोसलेल्या जनावराच्या लोण्यात लहान साखळीची फॅटी ॲसिड कमी पडतात आणि वितळबिंदू वर जातो, म्हणजे तूप कडक, घट्ट. गंमत अशी की शुद्ध तूप तपासायच्या जुन्या टेस्टमध्ये, रायकर्ट मायसल व्हॅल्यूमध्ये (ती हीच लहान साखळीची ॲसिड मोजते), हे तूप भेसळीचं वाटावं इतके आकडे खाली यायचे, म्हणून सरकारी मानकांमध्ये कापूस पट्ट्यातल्या तुपासाठी वेगळे आकडे ठेवावे लागले होते. जात तीच, म्हैस तीच, ढेपेने तुपाची केमिस्ट्री बदलली. वर्गात हे सांगितलं तेव्हा मला विषय आवडायला लागला, खरं सांगतो.

त्याच ढेपेची दुसरी बाजू वाईट आहे. पावसाळ्यात ढेप ओल्या भिंतीला टेकवून ठेवली की बुरशी येते, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन बी1 हे विष, ते गायीच्या लिव्हरमधून एम1 होऊन दुधात उतरतं, आणि दूध उकळलं तरी जात नाही. दुधात त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळपास काहीच नाही. बुरशीची ढेप जनावराला चालते असं म्हणणारा शेतकरी तेच दूध घरी नातवाला देत असतो. इथे मी कधी गोड बोलत नाही. ढेप लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवायची आणि वास आला की फेकायची.

रंगाचंही असंच. गायीचं दूध पिवळसर कारण चाऱ्यातलं कॅरोटीन तसंच उतरतं, म्हैस ते व्हिटॅमिन ए मध्ये बदलून टाकते म्हणून दूध पांढरं. हा जातीचाही नाही, प्रजातीचा फरक. पण त्याच गायीला हिरवा चारा बंद केला की पिवळेपणा उतरतो. अंड्यात तर चाऱ्याचं राज्य आहे, मका किंवा झेंडूच्या पाकळ्या खाऊ घाला, बलक केशरी, आणि गिऱ्हाईक गावरान समजून दुप्पट पैसे देतं. जवस घातली तर मात्र बलकात ओमेगा-3 खरंच वाढतं, आणि जवस तर आपल्याकडची. फिशमील जास्त झालं की अंड्याला मासोळीचा वास, ते तुम्हाला गिऱ्हाईकच सांगेल.

कोंबडीत जात इतकी जोरात बोलते की चारा मागे पडल्यासारखा वाटतो, ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत दोन किलोवर, गावरान त्याला पाच-सहा महिने लावते. पण सावजीच्या रश्श्यात गावरान टिकते ती जास्त वयामुळे, स्नायू वापरलेले, त्यातलं कोलॅजन म्हणजे चिवट तंतू पक्कं, म्हणून जास्त शिजते आणि चव धरते. बोकडाचं पण तेच, बेरारी असो नाहीतर उस्मानाबादी, उपाशीतापाशी गाडीत कोंबून आणलेला असेल तर स्नायूतलं ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर संपलेलं असतं, मांसाचा पीएच नीट उतरत नाही, मटण काळपट आणि लवकर खराब होणारं. जात विचारणारे खूप, आदल्या रात्री काय खाल्लं होतं हे विचारणारा मला अजून भेटला नाही.

ए2 दुधाबद्दल प्रत्येक पाहुणा तुम्हाला विचारणार, तेव्हा तयारी ठेवा. दुधातल्या बीटा केसीन प्रोटीनच्या 67 व्या जागी एक अमिनो ॲसिड वेगळं, ए1 मध्ये हिस्टिडीन, ए2 मध्ये प्रोलीन, एवढाच फरक. देशी गायी बहुतांश ए2, म्हशीही. तब्येतीचे मोठमोठे दावे सिद्ध झालेले नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) पाकिटांवरून ए1-ए2 चे दावे काढा म्हणून सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागेही घेतला. माझं मत विचाराल तर आपली देशी गवळाऊ गाय ए2 साठी पाळू नका. ती वर्ध्याकडच्या नंद गवळ्यांनी जपली ती बैलासाठी, चपळ, उन्हात न थकणारी, कमी चाऱ्यावर टिकणारी. तिला एचएफच्या लिटरशी तोलणं हा तिच्यावर अन्याय आणि शेतकऱ्याच्या खिशावरही. उलट ज्याच्याकडे बारमाही पाणी, हिरवा चारा, फॉगर (पाण्याचा बारीक फवारा) आणि फॅन आहेत त्याने संकरित गाय खुशाल घ्यावी. नाही त्याने नागपुरी म्हैस, तिला डुंबायला पाणी आणि सावली दिली की ती आपलं काम करते.

आता शिकायचं कसं. लेक्चर चुकलं तर नोट्स मिळतात, कॉलेजच्या तेलंगखेडीच्या फार्मवरची पहाट मिळत नाही, धार काढायच्या वेळेला जा, गडीमाणसांशी बोला, कोणती म्हैस पान्हा चोरते ते त्यांनाच ठाऊक असतं. चाऱ्यांची नावं इंग्रजीत पाठ करून भागत नाही, ढेप, चुनी, कुटार, तणस, कडबा हे हातात घेऊन ओळखता आलं पाहिजे. लॅबमध्ये जेल्डाल म्हणजे खाद्याच्या प्रोटीनची टेस्ट करताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ती टेस्ट प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजून 6.25 ने गुणते, म्हणून कुणी पशुखाद्यात गुपचूप युरिया मिसळला तर रिपोर्टवर प्रोटीन झकास दिसतं. आणि एक्सेल शिका बाबांनो, स्वस्तात स्वस्त रेशन त्यातच निघतं, दुधाच्या धंद्यात साठ-सत्तर टक्के खर्च खाद्याचाच असतो, त्यात दोन रुपये वाचवून देणारा डॉक्टर शेतकरी विसरत नाही.

नोकरीचं म्हणाल तर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी हे सगळ्यांचं स्वप्न, जागा निघतील तेव्हा. तोवर पशुखाद्य कंपन्या, डेअरीचं क्वालिटी कंट्रोल, पोल्ट्री इंटिग्रेशन (शेतकऱ्यांकडून करारावर कोंबड्या वाढवून घेणाऱ्या कंपन्या). पीजीला न्यूट्रिशन किंवा जेनेटिक्स घ्यायचं तर आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा देऊन कर्नालची डेअरी संशोधन संस्था एनडीआरआय, इज्जतनगरची पशुवैद्यक संशोधन संस्था आयव्हीआरआय हे पर्याय आहेत, नागपूरलाही होतंच. सुरुवातीचा पगार बघून तोंड वाकडं होईल, ते सांगून ठेवतो. पण पहिल्या वर्षी कंपनीची गाडी घेऊन काटोल, उमरेड, मौदा, रामटेक सगळं फिरा, प्रत्येक तालुक्यात वैरण वेगळी आहे, आणि नवी तूर आल्यावर दालमिलवाल्यांकडून चुनीचा भाव काढून ठेवा, पुढच्या गोठ्यावर सगळ्यात आधी तोच विचारतात.