पोट्ट्यांना डेटा सांभाळायला शिकवायचं कसं

नर्सिंगच्या नाहीतर बीएस्सीच्या पोरांना रिसर्च डेटा मॅनेजमेंट शिकवायचं म्हटलं की लोक पहिल्याच तासाला फेअरची तत्त्वं (डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा, परत वापरता यावा) स्लाइडवर टाकतात, अन् अर्धा वर्ग तिथंच झोपते. व्याख्या मागाहून सांगा ना, आधी एक घाण फाइल द्या.

फाइल तुम्हीच बनवा, हिमोग्लोबिन तपासणीची, चाळीसेक ओळी, सगळं खोटं. कुठं ११.२, कुठं '११.२ ग्रॅम', कुठं नुसतं 'कमी', कुठं रिकामं अन् एका जागी ९९. तारीख ०५/०७, म्हणजे पाच जुलै का सात मे? गाव धानोरा, आता आपल्या इकडं धानोरे काय एकच हाय का! मग म्हणा, काढा सरासरी. थोड्या वेळात पोट्टे भांडायला लागतात, 'सर हे कोणं भरलं', बस, तिथून शिकवणं सुरू.

नियम त्यांच्याच तोंडून काढा: एका खान्यात एकच गोष्ट, युनिट कॉलमच्या नावात, तारीख वर्ष-महिना-दिवस, गावासोबत सरकारी एलजीडी कोड (दर गावाचा वेगळा नंबर), अन् ९९ म्हणजे काय हे लिहिलेली वेगळी शीट. तिलेच डेटा डिक्शनरी म्हणतात हे आत्ता सांगितलं तं डोक्यात राहते. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, साफसफाई कॉपीवर.

एक्सेलवर लय भरोसा नको हेही सांगा. मार्च१ नावाच्या जीनची ते तारीख करून टाकत होतं, शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी अशा जीनचीच नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडात जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये मावतात तेवढ्या ६५,५३६ ओळी भरल्या, पुढच्या गळाल्या अन् जवळपास १६ हजार कोरोना केसेस रोजच्या आकड्यातून सुटल्या. हे ऐकून पोरं जागी होतात.

खरा वेळ द्यायचा तो गुप्ततेला. नाव खोडलं की झालं असं सगळ्यायले वाटते, पण सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) शीटमध्ये 'वय १९, मुलगी, नर्सिंगला शिकते, वाहक' एवढंच असलं अन् टोला चाळीस घरांचा असला, तं आशाताईचं सोडा, पानठेल्यावाल्यालाही समजते कोण ते, अन् सोयरीक जुळवताना कोणीतरी ती गोष्ट काढतेच. म्हणून एक तास असा घ्या: नावं काढलेली बनावट शीट द्या, सोबत गावाची बनावट मतदार यादी, अन् म्हणा शोधा कोण कोण ते. किती सापडतात पाहून पोरं चूप होतात. मग वयाचे गट करायला लावा, गावाऐवजी तालुका ठेवायला लावा, नाव-कोडची यादी वेगळ्या पासवर्डच्या फाइलीत. अन् व्हॉट्सॲप ग्रुपवर शीट टाकणं बंद म्हणजे बंद, गाइडनं मागितली तरी.

बॅकअपचं थोडक्यात: तीन कॉप्या, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. कॉलेजच्या कम्प्युटरवर फिरणारा व्हायरसवाला पेनड्राइव्ह यात धरू नका. गावात नेटवर्क नसते, तं माहिती भरायला कोबोसारखं ऑफलाइन चालणारं ॲप वापरा.

मार्क रिपोर्टाला देऊ नका. महिन्याभरानं गटांच्या फाइली आपसात बदला, अन् फाइलवाल्या गटाला काही न विचारता दुसऱ्या गटाला त्यांचाच निकालाचा तक्ता परत काढता आला, तरच फाइलवाल्यांना पुरे मार्क.