पहिल्या वर्षी बाळाला जमीन द्यावी

पहिल्या वर्षात बाळाचे शरीर साधारणपणे डोक्याकडून पायांकडे सावरत जाते. आधी मान धरली जाते, मग पाठीत बळ येते, त्यानंतर कंबर आणि शेवटी पाय भार पेलू लागतात. ही ताकद बाळ स्वतः धडपड करूनच मिळवते. म्हणून महागड्या साधनांपेक्षा स्वच्छ फरशीवर अंथरलेली सतरंजी आणि तिच्याशेजारी बसलेले घरातले एखादे मोठे माणूस, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

सुरुवात पालथे ठेवण्यापासून करावी. पहिल्या काही दिवसांत आईने किंवा बाबांनी मागे रेलून बसावे आणि जागे असलेले बाळ छातीवर उपडे घ्यावे. ओळखीचा आवाज ऐकून ते क्षणभर डोके उचलू पाहते, हाच त्याचा पहिला व्यायाम होय. पुढे लंगोट बदलल्यावर दोन-तीन मिनिटे सतरंजीवर पालथे ठेवावे, मात्र दूध पाजल्यावर लगेच ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार, स्वतःहून हलता न येणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे तरी असे ठेवावे. बाळ रडू लागले, तर पंच्याची सुरळी करून छातीखाली द्यावी, दोन्ही हात सुरळीच्या पुढे काढावेत आणि समोर वीतभर अंतरावर चकचकीत वाटी ठेवावी. बहुतेक बाळे वाटीकडे पाहण्यात काही काळ रडणे विसरतात. झोपवताना मात्र बाळाला नेहमी उताणेच ठेवावे आणि डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देऊ नये.

मालिश हलक्या हाताने केल्यास बाळाला आणि आईलाही सुख मिळते. परंतु नाक ओढणे, कानात तेल घालणे किंवा बाळाला उलटे धरून झुलवणे हे प्रकार कोणी कितीही अनुभवी असले तरी त्यांना करू देऊ नयेत. पाय सरळ व्हावेत म्हणून ते दुपट्यात घट्ट बांधण्यानेही खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. तान्ह्या बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले असणे हेच स्वाभाविक आहे, आणि मान व पाठ सावरल्यावर कडेवर घेण्याची आपली जुनी रीत खुब्यांसाठी चांगली आहे.

बाळाला उशांच्या आधाराने तासन्‌तास बसवून ठेवण्यापेक्षा त्याला कुशीवर वळू द्यावे आणि स्वतःहून बसते होऊ द्यावे. वॉकर तर घरात आणूच नये. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट पायऱ्यांवरून पडण्याचा धोका वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. काही बाळे न रांगता थेट उभी राहतात, त्याची चिंता नसावी. नवव्या महिन्याच्या सुमारास बाळ फरशीवरचा एकच चुरमुरा दोन बोटांच्या चिमटीत पकडू लागते. ते पाहून आनंद होतो, पण त्याच दिवसापासून शेंगदाणे, फुटाणे आणि बोरन्हाणातला हलवा त्याच्या हाताला लागणार नाही, अशी दक्षता घ्यावी.

आहारात सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर त्याच्या जोडीला मऊ वरणभात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेल्या भाज्या आणि चालत असल्यास अंडे द्यावे. वर्षाच्या आत मध देऊ नये. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावेत.

चौथा महिना संपला तरी मान न धरणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना न बसणे, अंग सतत ताठ किंवा लुळे वाटणे, तसेच वर्षाच्या आत एकच हात वापरणे यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या लसीची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.