जीआरईची तयारी: आधी चुकांची वही

परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या जीआरई या परीक्षेचा अर्ज भरला की बहुतेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी शब्दांच्या याद्या पाठ करायला घेतात. त्याऐवजी परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या ‘पॉवरप्रेप’ नावाच्या मोफत सराव चाचण्यांपैकी एक चाचणी, घड्याळ लावून आणि मध्ये न उठता, तयारीच्या आरंभीच सोडवावी. दुसरी शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवावी.

सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झाली आहे. त्यात ३० मिनिटांचा एक निबंध असून भाषा आणि गणित यांचे प्रत्येकी दोन विभाग मिळून ५४ प्रश्न असतात. पहिल्या विभागातील कामगिरीवरून त्याच विषयाच्या दुसऱ्या विभागाची काठिण्यपातळी ठरते, त्यामुळे सुरुवातीच्या १२ प्रश्नांत घाईने गमावलेला गुण विशेष महागात पडतो.

गणित शालेय पातळीचेच असते. विद्यार्थी अडखळतात ते गृहीत धरण्याच्या सवयीमुळे. समजा, क्ष शून्यापेक्षा मोठा आहे एवढेच सांगून क्ष आणि क्षचा वर्ग यांत मोठे काय, असे विचारले आहे. मनात आपोआप २ किंवा ३ येतात आणि वर्ग मोठा वाटतो. पण क्ष १/२ घेतला तर वर्ग १/४ होतो, म्हणजे लहान, आणि १ घेतला तर दोन्ही समान. म्हणून दिलेल्या माहितीवरून हे ठरवता येत नाही, हेच बरोबर उत्तर. अशी चूक झाली की वहीत केवळ योग्य उत्तर उतरवू नये, तर ‘अपूर्णांक तपासला नाही’ असे कारण स्वतःच्या शब्दांत लिहावे. दोन-तीन आठवड्यांत तीच चार-पाच कारणे पुन्हा पुन्हा दिसू लागतात, आणि माझ्या मते खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

शब्द वाक्यासकट शिकावेत. समानार्थी वाक्यपूर्तीच्या प्रश्नात वाक्यातील रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून एकाच अर्थाचे वाक्य देणारे दोन निवडायचे असतात आणि एकच बरोबर आला तर काहीच गुण मिळत नाही. तिथे नुसता अर्थ पाठ असून भागत नाही, शब्दाची छटाही कळावी लागते. निबंधासाठी आठवड्यातून एक लिहून दुसऱ्या दिवशी स्वतः वाचणे पुरेसे आहे.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे अडलेल्या प्रश्नालाही अंदाजाने उत्तर देऊन खूण करावी, पुढे जावे आणि त्या विभागाची वेळ संपण्यापूर्वी परत यावे. पुन्हा परीक्षा देण्यासाठी किमान २१ दिवस थांबावे लागते, म्हणून पहिली तारीख विद्यापीठाच्या अंतिम मुदतीच्या बरीच आधी घ्यावी.