एसएसडी पुसण्याआधी

एसएसडी (कॉम्प्युटरमधली डेटा साठवणारी चिपवाली डिस्क) आचके देऊ लागली की हात आधी फॉरमॅटकडे जातो. थांबा. फोटो, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची एसएसडी) ड्राइव्ह असेल तर ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ ही ओळ बघा. तिथला आकडा वाढत चालला असेल तर नवं विंडोज टाकणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं. सरळ नवी एसएसडी घ्या.

आकडे ठीक असतील तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवून त्यावरून मशीन सुरू करा. शिफ्ट आणि एफ१० दाबा, कमांडची खिडकी उघडली की डिस्कपार्ट (डिस्कची मांडणी बदलणारी कमांड) टाइप करा. ‘लिस्ट डिस्क’मध्ये जीबी बघूनच डिस्क निवडा (बॅकअपवाली आधीच काढून ठेवलेली बरी), मग ‘क्लीन’. याने फक्त पार्टिशनचा नकाशा जातो, डेटा मागे राहू शकतो. ड्राइव्ह कुणाला द्यायची असेल तर बायोसमधलं (मशीनच्या मूळ सेटिंगमधलं) किंवा कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज, म्हणजे सगळा डेटा पुसणारा पर्याय, चालवा. हार्ड डिस्कसारखी पुन्हा पुन्हा शून्यं लिहीत बसू नका. त्याने एसएसडी झिजते आणि एसएसडीने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या ब्लॉकमधला डेटा तसाच राहू शकतो.