शहर भारी आहे, पण कॅम्पस नक्की कुठेय?

कॉलेजसाठी धमाल शहर शोधताय ना, मग नुसत्या नावावर हुरळून जाऊ नका, कारण पत्त्यात शहर असतं आणि कॅम्पस कधीकधी पार 25 किलोमीटर बाहेर. गूगल मॅप्सवर शहराच्या मध्यापासून हॉस्टेलपर्यंतचा रूट टाका, बस-ट्रेनचा पर्याय निवडा आणि निघायची वेळ मंगळवार रात्री 10:30 अशी सेट करा. पहाटेची पहिली बस दाखवली की समजा, नाटक, गिग, मॅच सगळं मोबाईलवरच बघायचंय. हॉस्टेलचं गेट कधी बंद होतं तेही विचारा, हे आपणहून कोण सांगतंय! आणि शहर बघायला सुट्टीच्या दिवशी नको, तेव्हा काय सगळीच शहरं मस्त वाटतात, मधल्या वारी संध्याकाळी जा आणि तिथली पोरं कुठे टाइमपास करतायत ते बघा.